ताटात टाकायचं नाही

वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं, असं म्हणतात. पण वाढणारा मारोती असला तर आधी आपलं पोट पाहून बसावं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, एका भोजनालयात या गृहस्थानं सारी उमर वाढण्यात काढली. एक पोळी संपायच्या आत दुसरी ताटात. नको म्हणून हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वरण. आणि कोणी भात टाकून उठलं, की हा समोर उभा. "काहून जी, भातानं काय बिघडवलं तुमचं?" गिऱ्हाईक मुकाट्यानं परत बसायचं. पगार विचाराल तर सांगायची लाज वाटावी असा, पण तोरा मात्र असा, की जणू याच्याच पोरीचं लग्न आहे आणि आपण सारे वऱ्हाडी.

पुढं मालकाच्या पोट्ट्यानं भोजनालय मोडून तिथं मोबाइलचं दुकान थाटलं. साठीला टेकलेला मारोती तेलीबांध्याला, तलावासमोरच्या एका नव्या रेस्टॉरंटात लागला. काळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. जमलं तर पक्का करू, नाहीतर राम राम, अशी बोली.

तिथलं शास्त्रच उलटं. मॅनेजर निरंजन तात्यापाऱ्यातलाच मराठी पोरगा, पण बोलणार हिंदीत. त्यानं शिकवलं, की गिऱ्हाइकाला महागातलं सुचवायचं, दोन मागितलं तर तिसरं गळ्यात मारायचं आणि ताटात काय उरलं ते बघायचंच नाही. मारोतीनं "हव" म्हणून मान डोलवली आणि पहिल्याच टेबलावर, नवा रायपूरहून बायको-पोरासह आलेल्या, चार भाज्या मागवणाऱ्या एका साहेबाला सांगितलं, "तिघांत दोन भाज्या होऊन जातेत जी. वरच्या दोन कोण खाईन?" मग एक पोट्टी अर्धी बिर्याणी टाकून उठताना दिसली, तर तिथं ठाण मांडलं. तिनं बिर्याणी संपवली आणि जाताना तक्रारही केली.

"काका, ये आपके घर की पंगत नहीं है," निरंजन म्हणाला. "अब से सिर्फ नमस्ते, और कुछ लेंगे, और धन्यवाद. बाकी मुँह बंद. एक बार और हुआ तो छुट्टी."

घरी बायकोनं, प्रेमलाबाईंनी, वरून फोडणी दिली. "तुमाले वाढाचे पैसे देतेत, बोलाचे नाही. या वयात दुसरीकडं कोण ठेवणार हाय तुमाले?"

खरंच, कोण ठेवणार होतं? मारोती घाबरला होता. बायकोला त्यानं तसं सांगितलं नाही, पण तिला ते कळलं होतं.

मग त्यानं जिभेला लगाम घातला. नमस्ते असा म्हणायचा, की येणाऱ्याला वाटावं आपण चुकून मयतीच्या घरी आलो. भरली ताटं उचलून आत नेताना वळूनवळून गिऱ्हाइकाकडं बघायचा, पण तोंडातून शब्द नाही.

शनिवारी वाढदिवसाची टोळी आली. अर्धा केक एकमेकांच्या तोंडाला फासून झाला, टेबलावर जेवण तसंच पडलेलं, आणि त्यावर आणखी नान आणि दोन पनीर मागवले. मारोती "धन्यवाद" म्हणाला, आत गेला आणि ती ऑर्डर त्यानं कोणाला सांगितलीच नाही. जीभ बिचारी गप्प होती, तिचा काही दोष नव्हता. टोळीनं वाट पाहिली, आहे ते चाटूनपुसून खाल्लं आणि आरडाओरडा करून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, निरंजन मागच्या खोलीत जेवत होता. जेवत कसला, एक हात फोनवर आणि एक ताटात. अर्ध्यावर ताट सरकवून म्हणाला, "काका, बैठो. एक बात करनी है."

कोणती बात ते मारोतीला कळलं. पण नजर गेली ती ताटाकडं. भात तसाच होता, थंड, वरणाची साय धरलेला.

"बोला," तो म्हणाला. "पण आधी हे संपवा."

"काका..."

"सकाळपासून काही खाल्लं का तू?"

'तुम्ही' गेलं, 'तू' आलं. सकाळपासून निरंजनला हे कोणी विचारलंच नव्हतं. मारोतीनं आतून गरम वरण आणलं, लिंबाची फोड पिळली आणि नेहमीसारखा समोर उभा राहिला. निरंजननं फोन उलटा ठेवला. पहिला घास रागानं घेतला, दुसरा नुसता घेतला, मग मान खाली घालून जेवत राहिला.

संध्याकाळी प्रेमलाबाई दारातच होत्या. "काय म्हणे तो?"

"काय म्हणते. भात मागितला अजून. मराठीत मागितला."

"आन् नोकरी?"

"ते बोलाचं राहूनच गेलं," मारोती चप्पल काढत म्हणाला. "उद्या घरून कढी आणा म्हणे."