बारावा तुकडा

रफूवालीला राग यायचा तो नेहमी उशिरा. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडल्यावर, नाहीतर रात्रीची भांडी घासताना. त्या शनिवारी मात्र तो वेळेवर आला, आणि आला तो मुक्कामालाच आला.

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक खुर्ची, एक दिवा, खिडकीशी टेबल. कोटाला सिगारेटने भोक पडो की शालीला कसर लागो, ही बाई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढणार, एक वर एक खाली घेत भोक भरणार, आणि गिऱ्हाईक विचारणार, कुठे होतं हो नक्की? या एका प्रश्नावर तिने संसार केला, लेकीला शिकवलं आणि चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. काम चांगलं झालं की ते दिसत नाही, आणि करणारीही दिसत नाही. त्याची तिला सवय होती.

रस्त्यापलीकडच्या जुन्या गोदामात एक स्टुडिओ निघाला होता. तिथे दर शनिवारी कापडावर प्रयोग चालत. कापड मेणबत्तीवर जाळायचं, गंजक्या खिळ्यांभोवती गुंडाळून व्हिनेगरमध्ये बुडवायचं, त्यावर वर्तमानपत्र, तांब्याची तार, जुन्या एक्स-रेची फिल्म चिकटवायची. हे सगळं चालवणाऱ्या बाईंना रफूवाली मनातल्या मनात प्रयोगबाई म्हणायची. आम्ही जन्मभर भोकं बुजवतोय आणि ही माणसं हौसेने पाडताहेत, असं म्हणून तिने आधी नाक मुरडलं होतं. पण प्रयोगबाई स्वतः दुकानात आल्या आणि त्यांनी गळ घातली, की एक शनिवार येऊन आमच्या लोकांना रफू दाखवा, ही कला लोकांपर्यंत पोचली पाहिजे. तिच्या कामाला आजवर कोणी कला म्हटलं नव्हतं. ती पाघळली. लेकीनेही भर घातली, "जा ग आई, एकदा तरी दिसू दे की तुझं काम."

म्हणून ती आईचं कापड घेऊन गेली.

हे कापड म्हणजे उशीच्या अभ्र्याहून थोडा मोठा, जाड, पांढरा तुकडा. घरातली प्रत्येक बाई रफू शिकली ती त्याच्यावर. नियम एकच होता. कात्रीने नाण्याएवढं भोक पाडायचं आणि ते आपणच भरायचं. ज्याने कापलं त्याने भरायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तीन दिवस लागोत की तीन महिने. आजीची भोकं, मावशीची, तिची स्वतःची, सगळी उजेडाकडे धरल्याशिवाय सापडायची नाहीत. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यातलं एक दिसायचं. ते आईने नजर गेल्यावर केलं होतं, बोटांनी चाचपडत, गाठी पाडत. झाल्यावर तिने विचारलं होतं, दिसतंय का ग? आणि ही धडधडीत खोटं बोलली होती, नाही म्हणून. त्यानंतर महिन्याभरात आई गेली.

स्टुडिओत प्रयोगबाईंनी तिची ओळख "आपल्या रफूवाल्या मावशी" अशी करून दिली. त्या स्वतः हिच्याहून चार वर्षांनी मोठ्या असतील. समोर अकरा जण बसलेले, आणि त्यांच्या सुया बघाव्यात तर गोणी शिवायच्या. मी बारीक सुया घेऊन येते, असं सांगून ती दुकानाकडे निघाली. बाकीची टेबलं डिंकाने आणि रंगाने बरबटलेली होती, म्हणून तिने कापड मधल्या कोरड्या टेबलावर नीट पसरून ठेवलं. हात लावू नका, असं बजावायचं तिला सुचलं नाही. घरात ते कधी कोणाला सांगावंच लागलं नव्हतं.

दुकानाशी एका गिऱ्हाइकाने अडवलं, परत यायला पाऊण तास लागला. मधलं टेबल रिकामं होतं. कापडाचे बारा तुकडे झाले होते, ओळीने, अगदी माप घेऊन. आजीच्या रफूचा तुकडा एकाच्या गंजाच्या भांड्यात होता. मावशीचा वर्तमानपत्रावर डकवलेला. आईचा कोपरा प्रयोगबाईंनी स्वतःला ठेवून तांब्याच्या तारेने चौकटीत ताणला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय केलंत, एवढंच तिने विचारलं.

प्रयोगबाईंना ना खेद ना खंत. मधल्या टेबलावर येतं ते सगळ्यांचं, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की, असं त्या म्हणाल्या. मग चौकट पुढे करून समजावू लागल्या. "हा तुकडा बघा ना, मावशी. या गाठींमध्ये किती भावना आहे. आमच्या प्रदर्शनात याच्याखाली तुमचं नावसुद्धा लिहीन मी."

"माझं कशाला? ते माझ्या आईचं काम आहे. आंधळी होती ती."

रफूवालीने आणलेल्या सुया मधल्या टेबलावर एकेक करून मांडल्या. बारा.

"आमच्याकडे ज्याने कापलं त्याने भरायचं. बसा."

त्या अकरा जणांतली पहिली उठली ती एक दातांची डॉक्टरीणबाई. तिने आपला तुकडा वर्तमानपत्रावरून सोडवला, धुतला आणि मुकाट्याने सुई घेतली. मग बाकीचे. ओशाळलेली माणसं ऐकतात. चार शनिवार लागले. रफूवाली डोक्यावर उभी असायची आणि एकालाही गोड बोलली नाही. हे रफू आहे की रस्त्यावरचा खड्डा बुजवलाय, असं म्हणून तिने एका निवृत्त इंजिनिअरकडून एकच सांधा सहा वेळा उसवून घेतला. स्वतः मात्र एक टाका घातला नाही. हात शिवशिवायचे, पण नियम म्हणजे नियम. अकरा तुकडे सांधले गेले, गंजाच्या डागांसकट, ओबडधोबड. प्रयोगबाईंना दर शनिवारी प्रदर्शनाचं काम निघायचं. बाराव्या सुईला कोणी हात लावला नाही.

पाचव्या आठवड्यात दुकानात एक पाकीट आलं. आत आईचा कोपरा होता, तारेची चार भोकं पडलेला, आणि सुबक अक्षरातली चिठ्ठी. झालं ते विसरा, आता तुम्हीच जोडून टाका, तुमच्याइतकं सुंदर आम्हाला कुठलं जमायला.

अर्ध्या तासाचं काम होतं. लेक म्हणालीही, "मिळाला ना तुकडा? मग घे जोडून, संपव एकदाचं."

"मी कापलाय का?"

तिने कोपरा जागेवर ठेवला, चार टाचण्या मारल्या आणि कापड दुकानाच्या खिडकीत टांगलं, तोंड स्टुडिओकडे करून. बारावी सुई पांढरा धागा ओवून शेजारीच खोचून ठेवली. प्रयोगबाई आता गोदामात मागच्या गल्लीने जातात, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं. गिऱ्हाइकं येतात, खिडकीकडे बघतात. रफूवालीच्याच दुकानात हे असं अर्धवट कसं, म्हणून विचारतात.

"ते माझं काम नाही," ती मान वर न करता सांगते. "समोरच्या बाईंचं आहे. दुकान नऊला उघडतं, म्हणावं."