माळवदावरून ऐकलेली सिरीयल

किस्से कुणी साठवत नाही. ते आपोआप साठतात, माळवदावर गवत उगवतं तसे! आमच्या शाळेची स्टाफरूम, चार मास्तर आणि रविवारची एक सिरीयल, एवढ्या भांडवलावर किती किस्से झाले म्हणून सांगू! दोस्तांत बसलो की मी ते रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. पण सगळे कधीच सांगत नाही. आज सांगतो. गावाचं नाव तेवढं विचारू नका. परभणी-गंगाखेड रस्त्यावर आहे, एवढं पुरे.

सिरीयल अशी : एक शास्त्रज्ञ, त्याची बायको, सासू आणि दोन लेकरं यानात बसून निघतात आणि अवकाशात वाट चुकतात. दर रविवारी सकाळी नवा ग्रह, नवं संकट! आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत मनं फाटलेली होती. आमच्याकडं विज्ञान शिकवायचे वाघमारे सर. ते बौद्ध. ते स्टाफरूममध्ये आले की आम्ही वाचत असलेला पेपर घडी करून ठेवायचो. सगळ्यांनी मिळून बोलावं असा एकच विषय उरला होता, यान. आणि स्टाफमध्ये टीव्ही होता फक्त माझ्याकडं.

* * *

पहिल्या रविवारी हेडमास्तर, पीटीचे गिते सर आणि वाघमारे सर माझ्या घरी आले. टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या!

वाघमारे सर म्हणाले, "अँटेना हललाय. मी बघतो."

माझं घर मातीच्या माळवदाचं. शिडी बाहेरून. ते वर गेले आणि खालून-वरून ओरडाआरडा सुरू झाला.

"आलं का?"

"आलं, आलं! हं... गेलं!"

"आता?"

"आता लय बेस! सोडू नका!"

त्यांनी अँटेनाचा पाइप धरला की चित्र स्वच्छ, सोडला की मुंग्या. शेवटी हेडमास्तर खिडकीतून ओरडले, "वाघमारे, हलू नका तिथून! तुमच्या हाताला गुण हाय!"

सर अर्धा तास पाइप धरून उभे राहिले. खाली आल्यावर आम्ही त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या रविवारी ते आले ते थेट शिडीकडंच गेले, आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

* * *

गिते सर म्हणजे पहाडासारखा गडी, पण मनानं लोणी. एका भागात शास्त्रज्ञाची धाकटी पोरगी हरवली आणि नेमका तिथंच भाग संपला. गिते सरांना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ घेऊन हजर!

पुजाऱ्यानं विचारलं, "काय झालं, मास्तर?"

"पोरगी हरवली."

पुजारी घाबरला. "अरे देवा! कुठं?"

गिते सर म्हणाले, "शनीच्या पलीकडं."

पुजाऱ्यानं नारळासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाला, "मग शनीला तेल घाला की! इकडं कशाला आलाव?"

पुढच्या रविवारी पोरगी सापडली. गिते सर आजही श्रेय नरसिंहालाच देतात.

* * *

सोमवारी स्टाफरूममध्ये शंकासमाधान. शंका आमच्या, समाधान वाघमारे सरांचं. एका भागात शास्त्रज्ञ एका ग्रहावर दोन तास उतरून येतो, तर यानातल्या सासूच्या मते दोन वर्षं झालेली! आम्हाला काही कळेना. सरांनी टेबलावर खडूनं दोन रेघा मारल्या, वेग आणि वेळ असं काहीतरी समजावलं, आणि आम्हाला ते कळलं. निदान कळल्यासारखं वाटलं.

मी मराठीचा मास्तर. पण दुपारी आठवीच्या वर्गात जाऊन मी तेच सगळं सांगितलं, स्वतःचं म्हणून. त्याच दोन रेघा, तोच खडू. पोरं आ वासून ऐकत होती. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली.

"सर, वेळ हळू जातो म्हंजी घड्याळ बिघडतं का?"

मी म्हणालो, "ते पुढच्या भागात कळंल! बस खाली!"

आपल्याला येत नाही म्हणावं आणि वाघमारे सरांना हाक मारावी, असं मनात आलं; ते शेजारच्याच वर्गात होते. पण मग हे सगळं मुळात कुणाचं, हेही सांगावं लागलं असतं.

* * *

इथून पुढचे किस्से मी दोस्तांत सांगत नाही.

एकदा सर सातवीला शिकवत होते. पोरांनी हट्ट धरला, "सर, यान काढून दाखवा!" मी वऱ्हांड्यातून चाललो होतो, थांबलो. सरांनी फळ्यावर मोठ्या हौसेनं यान काढलं. लांबोडकं, टोकदार, खाली तीन पाय.

सगळा वर्ग हसला. "सर, असं न्हाई ते! गोल हाय! परातीवानी!"

टीव्हीत ते खरंच गोल होतं. ते पोरांनी पाहिलं होतं, माझ्या घरच्या खिडकीला लोंबकळून. सरांनी एकही भाग पाहिलेला नव्हता. नऊ-दहा रविवार त्यांनी यान फक्त ऐकलं होतं, आणि सोमवारी आम्हाला समजावून सांगितलं होतं!

सर फळ्याकडं बघून म्हणाले, "असंल, असंल." आणि डस्टरनं यान पुसून टाकलं.

त्यांनी दाराकडं पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. मी पाय न वाजवता तिथून निघून गेलो.

* * *

तुम्ही म्हणाल, अँटेना पक्का का नाही बसवला? अहो, परभणीला जाऊन मी क्लॅम्प आणला होता! दोन नट आणि वीतभर लोखंडी पट्टी. तो धान्याच्या कोठीमागं ठेवून दिला. आज बसवू, उद्या बसवू. खरं कारण मला माहीत होतं. अँटेना पक्का झाला असता तर सर खाली आले असते, आणि खाली आल्यावर बैठकीत आमच्या शेजारी बसले असते. भावकीतले लोक टीव्ही बघायला यायचे. ते काय म्हणतील?

मी मनाशी आईचं नाव पुढं करायचो. जुनं माणूस, तिला चालणार नाही!

एका शनिवारी आईच म्हणाली, "आरं, त्या मास्तरला किती दिस वर उभा करतूस? खाली बोलव की."

मी म्हणालो, "आई, गावात वातावरण बरं न्हाई."

"गावात न्हाई का तुझ्यात?" एवढं बोलून ती चुलीकडं गेली. त्या रात्री मी आईच्या पंगतीला बसलो नाही. तोंडच नव्हतं.

* * *

शेवटचा भाग जाहीर झाला. यान घरी परतणार की नाही, यावर स्टाफरूममध्ये पैजा लागल्या. शनिवारी वाघमारे सर म्हणाले, "उद्या समदे माझ्याकडं या. टीव्ही घेतलाय."

सरांचं घर बौद्ध वस्तीत होतं, नवं, स्लॅबचं. हेडमास्तरांना ऐन वेळी एकादशी आठवली. गिते सर आणि मी गेलो. सतरंजी अंथरलेली होती, टीव्हीवर विणलेलं पांढरं कापड. सरांच्या बायकोनं, "या भाऊजी, बसा," म्हणून हसून स्वागत केलं. चित्र असं स्वच्छ की सासूच्या कपाळावरची आठी दिसावी!

आत स्टोव्हचा आवाज सुरू होता. थोड्या वेळानं तो बंद झाला आणि कपबशा वाजल्या. आजवर मी त्या वस्तीत कुणाकडं पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. तेवढ्यात चित्र कणभर हललं. खरंच हललं की मला तसं वाटलं, देव जाणे!

मी उठलो. "हललं! मी बघतो, मी बघतो!"

"सर, बसा की, ठीक हाय," वाघमारे सर म्हणाले. पण मी जिना चढून वर पोचलोसुद्धा. वर गेलो आणि दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरला.

खालून गिते सर बशीतला चहा फुर्रकन ओढताना ऐकू आले. मग ते ओरडले, "कदम सर, या खाली! यान उतरायलंय!"

"तुमी बघा! मी धरलाय!" मी वरून ओरडलो.

जिन्यावर पावलं वाजली. वाघमारे सर वर आले. त्यांच्या हातात कपबशी होती, वाफ निघत होती. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग त्यांनी कपबशी माझ्यापुढं धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"सर, पाइप सोडा. सिमेंटमधी बसवलाय त्यो."