डबे रिकामेच पाहिजेत

श्रेयानं माझ्या मायच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, आत नाक घातलं अन् ओरडली, "सर, एम्प्टी!"

लपाछपीत गडी सापडल्यावर पोरं ओरडतेत ना, तशी. मंग सगळ्यांनीच हात घातला. डाळीचा डबा, गुळाचा डबा, चटणीची बरणी. बुटासगट आत आल्ते सगळे. सर मोबाईल धरून म्हणत होते, "झाकण बाजूला घे, उजेड येऊ दे."

मी भिताडाला टेकून उभी. त्यांच्याच वर्गातली. अंगात त्यांच्यासारखाच गणवेश.

नवीन जालन्यातल्या त्या इंग्रजी शाळेत मी फुकटच्या कोट्यातून लागल्ते. सातवीला प्रोजेक्ट आलं. आपल्या गावातली भूक शोधा, तिच्यावर उपाय करा. वीस मार्क. सरांनी विचारलं, "झोपडपट्टीत कोण राहतं?" कुणी हात वर करायची गरजच पडली न्हाई. सगळा वर्ग माझ्याकडं वळला. सर खूश. शोधायचा त्रासच वाचला.

माझी माय बियाण्याच्या कंपनीत निवडणीला जायची. बी निवडून निवडून तिच्या अंगठ्याच्या रेघा घासून गेल्त्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उठंना, दुकानदार धान्य देईना. मायनं सरांना तेच सांगितलं.

"सर, तेवढं दुकानदाराला बोला. गहू सुरू झाला की बास. बाकी काही नको."

सर म्हणाले, "ताई, तो सरकारी विषय आहे. आमचा विषय भूक आहे."

मायला काही समजलं न्हाई. तिनं शेजारून साखर आणली अन् सगळ्यांना कोरा चहा केला. पाव्हणे घरी आले, मंग चहा तर पाहिजेच. सर म्हणाले, "मुलांना बाहेरचं चालत नाही." कप तसेच राह्यले. त्याच्यावर माश्या बसल्या. पाच मिनिटांनी ह्याच पोरांनी नाक्यावरच्या रसवंतीवर बर्फ टाकून उसाचा रस पिला. ते बाहेरचं नव्हतं वाटतं! शी!

मंग शाळेत प्रदर्शन ठेवलं. सरांनी मायचे डबे मागितले. शाळेला लागतेत म्हणून मायनं राखेनं घासून लख्ख करून दिले. वाकडं झालेलं एक झाकण बत्त्यानं ठोकून सरळ केलं. शाळेत त्याच डब्यांची झाकणं काढून टेबलावर मांडली, वर पाटी लावली: गरिबाचं स्वयंपाकघर. माझं काम काय, तर टेबलाजवळ उभं राहून इंग्रजीत सांगायचं की हे स्वयंपाकघर रिकामं आहे.

पालक येत होते. वाकून पाहत होते. च् च् करत होते. मी पाठ केलेलं बोलून राह्यले. तेवढ्यात कुणाच्या तरी बापानं अर्धी कचोरी खाल्ली, कागदी प्लेट चुरगाळली अन् मायच्या पिठाच्या डब्यात टाकली. माझ्या डोळ्यादेखत. उष्टी कचोरी, हिरवी चटणी, सगळं आत. अन् पुढच्या टेबलाकडं गेला.

माझं इंग्रजी तिथंच बंद पडलं. डब्यात हात घालून मी ते उष्टं काढलं. चटणी बोटांना लागली. ती मी गणवेशाला पुसली.

आमचा पहिला नंबर आला. टाळ्या वाजल्या. मी डबे उचलून घरी आणले. चटणीचं मायला सांगितलं न्हाई, पण वास तिला आलाच. तिनं पुन्हा घासले.

दोन दिवसांनी सर कार घेऊन वस्तीत आले. हातात किट. डाळ, तांदूळ, तेल.

"मुलांनी गोळा केलंय, ताई. आणि आपली जिल्ह्याला निवड झाली बरं का! डबे परत लागतील."

मायचं तोंड उजळलं. तिनं दातानं डाळीची पिशवी फोडली अन् डबा पुढं ओढला. डबा असतो कशाला?

"अहो, अहो! भरू नका!" सर ओरडले. "डबे रिकामेच पाहिजेत."

मायचा हात तसाच थांबला. तुरीची डाळ अर्धी डब्यात, अर्धी पिशवीत.

"भरलेले कसे चालतील, ताई? विषय भूक आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढं झाले. डब्यातली डाळ परत पिशवीत ओतली. दाणा सांडू दिला न्हाई. माझा राग डाळीवर नव्हता. सगळं किट सरांच्या हातात दिलं.

"न्या सर. डबे भेटायचे न्हाईत."

"तुझे मार्क जातील."

"जाऊ द्या."

"अगं, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

"आमच्यासाठी असतं तर डबा भरू दिला असता."

सर किट घेऊन गेले. माय माझ्यावर लई चिडली. "पोटापुढं मिजास चालत न्हाई, बाई!" तिचं बराबरच होतं. त्या दिवशी शेजारच्या उसन्या पिठाची एकेक भाकर अन् ठेचा खाल्ला. पोट भरलं न्हाई. पण तोंडातली घाण चव गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मायला रेशनच्या तक्रारीसाठी तहसीलला घेऊन गेले. तिथल्या साहेबानं हाकललं. परत गेले. परत हाकललं. परत गेले.

शेवटी मायचा गहू सुरू झाला. आता मी कॉलेजात हाये. पाहणीवाले अजून येतेत. नवे सर, नवी पोरं, नवे मोबाईल. मी दारात आडवी उभी राहते. म्हणते, वस्तीत कुणाकुणाचं रेशन बंद हाये ते मी सांगते, तहसीलला चला माझ्यासंगं. येत असाल तर आत या, बसा, चहा पिऊन जायचं. अन् डब्याला हात लावायचा न्हाई. झाकण उघडायचं का न्हाई, ते माझी माय ठरवील.