समुद्राखालच्या दरडी आणि एक रकाना

परदेशी शिष्यवृत्तीच्या सरकारी अर्जात एक रकाना होता: ‘या संशोधनाचा आपल्या समाजाला काय उपयोग?’ देशाला नव्हे, जगाला नव्हे. आपल्या समाजाला. शिष्यवृत्ती मागासवर्गीय मुलांसाठी होती, तेव्हा समाज म्हणजे कोण ते वेगळं लिहायची गरज नव्हती.

मी गडमुडशिंगी गावातल्या बौद्ध घरातली. भूशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि समुद्राखालच्या दरडींवर पीएच.डी. करायचं डोक्यात घेतलं. घाटात कोसळते तशी दरड समुद्राच्या तळावरही कोसळते. चिखलाचा अख्खा उतार सुटतो आणि कोसच्या कोस लांब जाऊन थांबतो. हे शिकवणाऱ्या परदेशातल्या प्राध्यापकांनी मला घ्यायचं कबूल केलं होतं. अडलं होतं ते त्या रकान्यापाशी.

आमच्याकडे काहीही लिहिलं की आधी विहाराशेजारच्या छापखान्यात दाखवायचं. छापखानावाले काका चळवळीतले जुने. वसतिगृहातल्या जेवणापासून स्मशानाच्या रस्त्यापर्यंत मी त्यांच्यासाठी पत्रकं लिहिली होती. पहिल्या ओळीत सवाल, मध्ये संताप, शेवटी मागण्या, हे त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी अर्ज वाचला आणि खिशातलं पेन काढलं.

"समुद्र कशाला? आपली वस्ती हाय का समुद्रात?"

मग समुद्र जाऊन डोंगर आला, चिखल जाऊन दरडग्रस्त वस्त्या आल्या आणि शेवटी पुनर्वसनाच्या पाच मागण्या आल्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात मागण्या. मला खटकलं नाही, उलट वाचताना मूठ वळली.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी अर्ज दोन बोटांत धरला आणि विचारलं, हा संशोधनाचा आराखडा आहे की कलेक्टरला द्यायचं निवेदन? आणि डोंगरच बघायचे तर इथले घाट काय वाईट आहेत? खोटं मीच लिहिलं होतं, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. यादीत नाव लागलं नाही.

पुढचं वर्ष वयोमर्यादेचं शेवटचं. प्राध्यापकांनी जागा तेवढंच वर्ष राखली. तेव्हा मात्र अर्ज घरी बसून लिहिला. वडील फौंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरायचे. समुद्राचा तळ कसा सुटतो ते मी त्यांना सांगायला लागले तर तेच मला सांगायला लागले. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ तसंच राहिलं तर ओल बरोबर. पाणी जास्त झालं की साचा ढासळला.

"पाण्यानंच वाळू धरती आणि पाण्यानंच सोडती," म्हणाले.

मी विचारलं, किती पाण्याला सोडते? ते हाताला कळतंय, म्हणाले. मला ते आकड्यात हवं होतं. अर्जात मी एवढंच लिहिलं. रकान्यात एक ओळ: समुद्राचा तळ कधी सुटतो ते कळेल.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर विषय निघालाच. ही आता माशांची युनियन काढणार, असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत. शेवटची संधी आहे, समाजाचं एक वाक्य घाल, असं ते समजुतीनं म्हणत होते. माझ्या भल्याचंच सांगत होते आणि त्याचाच जास्त राग आला.

"काका, बाकीच्यांच्या पोरांना हे कोण इचारत न्हाय. आपणच का प्रत्येक टायमाला लायकी सांगत बसायची?"

काका पायात चपला घालून निघून गेले.

मुलाखतीला अध्यक्ष तेच. रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढंच? आणि समाज?"

"साहेब, मी समाजातलीच आहे. मला कळलं म्हणजे समाजातल्या एकीला कळलं."

अध्यक्षांनी रकान्यावरचं बोट उचललं. त्यांच्या शेजारी एक वयस्कर भूशास्त्रज्ञ बसले होते. त्यांनी वाळूचं विचारलं, मग ओलीचं, मग गाळाच्या थरांचं. बऱ्याच प्रश्नांना मी माहीत नाही म्हणाले. माहीत असतं तर कशाला जायला निघाले असते? या खेपेला यादीत नाव लागलं.

गेले. तिथे माझं काम थंडगार खोलीत. बोटीवरून आणलेल्या, समुद्रतळाच्या चिखलानं भरलेल्या लांब नळ्या उभ्या चिरायच्या आणि थराथराला पाणी मोजायचं. पहिल्याच हिवाळ्यात विभागातल्या एक बाई चहा घेऊन आल्या. भल्या होत्या. भारतातल्या जातींवर त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, तुझ्या लोकांचे एवढे प्रश्न असताना तू हा विषय का घेतलास?

म्हणजे रकाना इथेही होताच, फक्त छापलेला नव्हता.

मी त्यांना चहा बाजूला ठेवायला सांगितला, हातमोजे दिले आणि नळीचं दुसरं टोक धरायला लावलं. त्या दिवशी अजून सहा नळ्या चिरायच्या राहिल्या होत्या.