आधी पाय धुऊन ये

मला सापांची भीती वाटत नाही, किळस वाटते. हा फरक मी नवऱ्याला लग्नापासून समजावते आहे, पण तो फौजी माणूस, त्याला फक्त भीती कळते. भ्यायलेला माणूस पळून तरी जातो. किळस अंगालाच चिकटते आणि आंघोळीनेही जात नाही.

रत्नागिरीकडे माहेरी पावसाळ्यात चपलेत गोम निघायची आणि गडग्याच्या दगडांत फुरसं. लग्नानंतर आसामात बदली झाली. तिथे न्हाणीघराच्या भिंतीवर पंज्याएवढे कोळी बसून असत. पोटरीला चिकटलेली, रक्त पिऊन फुगलेली जळू पहिल्यांदा ओढून काढली, त्यानंतर दोन दिवस मला अन्न गेलं नाही. म्हणून जयपूरची ऑर्डर आली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. कोरडी हवा, रणरणतं ऊन, इथे काय डोंबल जगणार?

इथे सगळं जगतं. पहिल्याच मे महिन्यात दिव्याच्या उजेडात पिवळट, केसाळ असं काहीतरी फरशीवरून धावत आलं. दिसायला कोळी, पण अंगाने भलं दांडगं आणि तोंडाला चिमटे. कूलर तर पालींनी स्वतःसाठीच बसवलाय असं मला वाटतं. मी रोज बूट झटकते, गाद्या झटकते, बादलीत वाकून बघते आणि मगच पाणी सोडते.

यात मी एकच गोष्ट जिवापाड जपली होती. ही किळस माझ्या मुलीला लागू द्यायची नाही. सात वर्षांच्या त्या पोरीसमोर मी कधी तोंड वाकडं केलं नाही. ती तळहातावर भुंगा घेऊन यायची, “आई, बघ ना, कितना प्यारा है,” म्हणायची. मी “छान आहे हं” म्हणून भिंतीकडे बघायची. साप दिसला तर हलायचं नाही, एवढं मात्र तिला पढवलं होतं.

गंमत म्हणजे ज्याची शिसारी येते त्याचीच मी वर्षातून एकदा पूजा करते. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढते, तोही शक्य तितक्या कमी वळणांचा. गेल्या श्रावणात मी तो काढत होते, तेवढ्यात माळी विळा घेऊन आला. पावसाने मागचं गवत गुडघ्याला लागलं होतं. पण आमच्याकडे त्या दिवशी काही चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत. मी त्याला परत पाठवलं.

“आज क्या है, मैडमजी?”

“नागपंचमी.”

“वो तो पंद्रह दिन पहले हो गई,” तो म्हणाला. त्यांची तिथी वेगळी. मी म्हटलं, आमची आज आहे. तो खांदे उडवून निघून गेला आणि विद्याधर नगरमधल्या दुसऱ्या कामात अडकला. चार दिवस झाले तरी फिरकला नाही. गवत तसंच वाढत राहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी मागच्या पायरीवर कपडे वाळत घालत होते. मुलगी चेंडू आणायला अनवाणी गवतात शिरली आणि थबकली.

“आई, पायावर काहीतरी आहे.”

मनगटाएवढा जाड, तपकिरी साप तिच्या पावलांवरून सावकाश जात होता. शिकवल्याप्रमाणे ती हलली नाही. मी ओरडायला हवं होतं, निदान पायरी तरी उतरायला हवी होती. मी उशीची ओली खोळ हातात धरून उभी राहिले. त्याच्या अंगाची ती घसरण माझ्या नजरेतून हलेना. शेवटी तो भिंतीखालच्या भोकात गेला.

मुलगी दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावत आली. हसत होती आणि रडतही होती. “आई, वो ठंडा था.”

मी एक पाऊल मागे सरकले.

“आधी पाय धुऊन ये,” मी म्हणाले.

तिचे हात तसेच राहिले. मग ती नळावर गेली.

नंतर माळ्याने येऊन गवत कापलं. भोक बघून, वर्णन ऐकून म्हणाला, धामण होती, ती काही करत नाही. नवरा फोनवर हसला. मला माझीच इतकी शिसारी कधी आली नव्हती.

मुलीला आजही सापाची किळस नाही. भुंगे ती अजून हातात घेते. पण खेळून आली की सरळ माझ्याकडे येत नाही. अंगणातल्या नळावर दोन्ही पाय घोट्यापर्यंत चोळून धुते, दारात उभी राहते आणि विचारते, “आई, धुतले. आता येऊ?”