मोरीच्या दगडाशी तेरडा

तेरडा कुणी मुद्दाम लावतं का? आमच्या नणंदेनं लावला. समोरचा उतार रिसॉर्टवाल्यानं जेसीबी फिरवून साफ केला. तिथला रानतेरडा गेला, आणि आमच्या परसातल्या काकडीला फळच धरेना. फुलंच नाहीत तर माशी कशाला येईल, म्हणत ही बया कुठून तरी तेरड्याचं बी पदरात बांधून घेऊन आली आणि काकडीच्या मांडवाखाली विस्कटलं. मी हसले होते. पण श्रावणात गुलाबी फुलं आली, माश्या घोंगावू लागल्या आणि काकड्या वाटता वाटता आमचा जीव गेला.

आमच्याकडं गौर तेरड्याची. मुळासकट उपटून आणायची, पुजायची आणि तिसऱ्या दिवशी धरणात बोळवायची. दर वर्षी नणंद सासरहून, कासारसाईहून यायची, गौर तीच घरात घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं नि ती गेली. त्या भाद्रपदात उतारावर तेरडा नाही म्हणून अख्खी आळी आमच्या परसात शिरली. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? बी धरायच्या आत वाफा मोकळा झाला. मला असा राग आला होता, पण बोलणार कुणाला?

यंदा एकच रोप उगवलं. तेही वाफ्यात नाही, मोरीच्या दगडाशी. नणंद आली की तिथंच बसून पाय धुवायची. सासूबाई रोज त्याच्यापाशी बसून काहीबाही बोलायच्या. त्या आत आल्या तरी मला परसात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. तव्यावर भाकरी टाकून मी बघून यायची. फुलात शिरलेली माशी तेवढी गुणगुणत असायची. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

गौरीच्या दिवशी सासूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन परसात निघाल्या. हे उपटलं की तिचं म्हणून काहीच उरणार नव्हतं. मी मागोमाग गेले. त्यांनी रोपाच्या बुडाशी हात घातला आणि तसाच ठेवला. मग हळद-कुंकू वाहिलं, जागच्या जागी रोपाला खण गुंडाळला. आत न्यायची नाही का, मी विचारलं.

"आत नेली की तिसऱ्या दिशी बोळवावी लागती," त्या म्हणाल्या. "येकदा बोळवली. पुन्यांदा माझ्यानं न्हाई व्हायचं. ऱ्हाऊ दे हितंच."

दसऱ्याच्या सुमाराला, भर दुपारी, परसात तेरड्याची बोंडं तटतट फुटायला लागली. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. बघायला कुणी गेलं नाही. सासूबाईंनी उठून परसदाराची कडी तेवढी काढून ठेवली.