फिक्कं वरण

हळद शिजायला लागली की अंगणभर उग्र, मातकट वाफ पसरते आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीचं फिक्कं वरण आठवतं.

शिरड शहापूरला मी नवी सून होते. माघात हळदीची पानं पिवळी पडली, तसं घरच्यांनी तिचं पाणी तोडलं. मला वाटलं, पीक मरतंय. कुणी नसताना मी चार सऱ्यांना पाणी सोडलं. सासूबाईंनी धावत येऊन पाणी बंद केलं.

"मरून न्हाई राहिली ती. पानातला कस खाली गड्ड्यात उतरून राहिला. आता पाणी पाजलं तर रंग बी जातो अन् औषध बी."

त्या चार सऱ्यांची हळद त्यांनी गुपचूप वेगळी शिजवली आणि घरच्या खाण्यात घातली. वर्षभर वरण फिक्कं झालं.

"हळद काहून कमी टाकता?" सासरे कुरकुरले.

"माझाच हात आखडतो," सासूबाई म्हणाल्या.

परवा आमच्या हळदीच्या तपासणीचा कागद आला. औषधी कस उत्तम निघाला. पाणी आता मीच तोडते. सासूबाईंच्या तिथीला मात्र वरणात हळद मुद्दाम कमी टाकते. लेक विचारते, "काहून गं?"

"माझाच हात आखडतो," मी म्हणते.